कंसातले बोलणे

गेल्या मे महिन्यात आमच्या घरी रोज इशाच्या नमाजनंतर एक नवा प्रकार सुरू झाला. आठवीची परीक्षा देऊन मोकळी झालेली आमची मुलगी तिच्या अम्मीचा मोबाईल घेऊन पलंगाच्या कोपऱ्यात बसायची आणि मध्येच एकटीच खुदकन हसायची. दोन-तीन दिवस आम्ही दुर्लक्ष केले. चौथ्या दिवशी तिच्या दादीला राहवले नाही.

"मोबाईल में मुंडी खुपसके काय कू हसती गे?"

"दादी, म्हैस कंडक्टर से अर्धा तिकीट मांग री."

दादीला काही कळले नाही. आम्हालाही नाही. मग मुलीने समजावून सांगितले. तिच्या वर्गातल्या आणि आसपासच्या अकरा मुलामुलींनी मिळून एक ग्रुप केला होता. नाव 'फाट्यावरची शेवटची गाडी'. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचे. कोणी कंडक्टर, कोणी चहावाला, कोणी लग्नाला निघालेला नवरीचा मामा, कोणी पंच्याहत्तरी ओलांडलेली आजीबाई. रात्र झाली आहे, देवगाव फाट्यावर शेवटची एसटी उभी आहे आणि काही केल्या निघत नाही, एवढेच ठरलेले. पुढचे सारे ज्याने त्याने आपापल्या पात्राच्या तोंडून लिहायचे. एकाने म्हशीचे सोंग घेतले होते. ती म्हैस कंडक्टरला विचारत होती, "१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे भाडे आहे की नाही? मग मी कोण आहे?" कंडक्टरने उत्तर दिले, "आधार कार्ड दाखवा."

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. मुलांनी निबंधात दोन ओळी स्वतःच्या मनाने लिहाव्यात म्हणून वर्षभर घसा कोरडा करतो. इथे तीच मुले कोणी न सांगता रोज रात्री पाच-पाच पाने लिहीत होती! थोडे वाईटच वाटले, खोटे कशाला बोला.

ज्यांना देवगाव फाटा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सेलू तालुक्यातला हा फाटा मंठा-जिंतूर रस्त्यावर आहे, इथून सेलूकडे वळायचे. फाट्यावर राहणाऱ्याला एक गोष्ट आपोआप येते, ती म्हणजे वाट पाहणे. चहाच्या हॉटेलात बसून गाडीची वाट पाहणारी माणसे एकमेकांना ओळखत नसली तरी तासाभरात एकमेकांच्या मुलींची लग्ने ठरवून मोकळी होतात. मुलांनी गोष्टीसाठी ही जागा का निवडली ते लक्षात आले. गोष्ट सुचायला राजवाडा किंवा जंगल लागत नाही. काहीतरी अडलेले असावे, माणसे एका जागी कोंडलेली असावीत आणि प्रत्येकाला वेगळी घाई असावी. मामाला लग्न गाठायचे आहे, आजीबाईला औषधाची वेळ चुकवायची नाही, म्हशीला फक्त आपला हक्क हवा आहे.

अशा खेळाला परदेशात आता पन्नास वर्षे झाली. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली चार-पाच माणसे. प्रत्येकाचे एक पात्र आणि गोष्ट पुढे नेणारा एक सूत्रधार. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी तोच प्रकार संगणकावर आणला. चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरे. आज जगभर लाखो लोक मोबाईलवर असे लिहून खेळतात.

पण हे ऐकताना आम्हाला परदेश आठवला नाही, बहुरूपी आठवला. आमच्या लहानपणी सुगीच्या दिवसांत तो यायचा. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात वही. दारात उभा राहून दरडावायचा, "घरात कोण आहे? वॉरंट निघालंय." एकदा आमच्या नानीने घाबरून त्याला पाणी, चहा, वर बसायला खुर्ची दिली. मग त्याने पुकारा केला की वॉरंट कोंबडीच्या नावाचे आहे, ती शेजारच्या अंगणात अंडे घालते म्हणून. नानी आधी चिडली आणि मग पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आले. त्याने टोपी काढली, सलाम केला, आपण कुठले, कोणाचे ते सांगितले आणि सूपभर ज्वारी घेऊन गेला. आपल्याकडे बहुरूपी ही भटक्या जमातींत नोंदलेली जमात आहे. पिढ्यान्‌पिढ्या सोंग हाच त्यांचा धंदा.

त्यात टोपी काढणे फार महत्त्वाचे होते, हे आम्हाला तेव्हा कळत नव्हते. टोपी काढली नसती तर नानीच्या घरात ती भीतीच राहिली असती आणि त्याला ज्वारीही मिळाली नसती.

तमाशातही तसेच. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. जुन्या काळी वगाची संहिता लिहिलेली नसे. गोष्टीचा सांगाडा ठरायचा आणि संवाद नट उभ्या उभ्या रचायचे. गवळणीतली मावशी म्हणजे पुरुषाने घेतलेले बाईचे सोंग, आणि बतावणीतल्या सोंगाड्याच्या तोंडी आज या गावच्या पाटलाची गंमत, तर उद्या त्या गावच्या. दादू इंदुरीकरांचे 'गाढवाचं लग्न' किंवा १९६५ साली रंगभूमीवर आलेले, वसंत सबनिसांनी लिहिलेले आणि दादा कोंडक्यांनी गाजवलेले 'विच्छा माझी पुरी करा' पाहिलेले जुने लोक सांगतात की दोन प्रयोग कधी सारखे नसत. दख्खनमध्ये मोहरमच्या दिवसांतही वाघाचे, मजनूचे, नाना तऱ्हेच्या फकिरांचे सोंग घेत. १८३२ साली इंग्रजीत छापलेल्या जाफर शरीफ यांच्या 'कानून-ए-इस्लाम' या पुस्तकात या सोंगांची लांबलचक यादी आहे. मोहरमच्या दुःखाच्या दिवसांत असे करावे का, यावर वडीलधाऱ्यांत मतभेद आहेत आणि आमचे मतही विरुद्धच आहे. पण सोंग आपल्या समाजाला परके नव्हते एवढे यावरून दिसते.

मुलीला आम्ही दास्तानविषयी सांगितले. शाळेच्या उर्दू पुस्तकात असतो तेवढा धडा नव्हे, सगळे सांगितले. लखनौच्या मुन्शी नवल किशोर छापखान्याने 'दास्तान-ए-अमीर हम्जा' ४६ जाडजूड भागांत छापली. त्यातला सर्वांत लाडका भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. अमीर हम्जा शूर आहेत, देखणे आहेत, पण ऐकणाऱ्यांचा जीव अडकायचा तो अमर अय्यारवर. अमर म्हणजे सोंगांचा बादशहा. कधी म्हातारी, कधी गवई, कधी जादूगाराचा लाडका नोकर. त्याच्याकडे एक झोळी, 'जंबील'. तिच्यात अख्खी शहरे मावतात. आणि एवढे असून स्वारी पैशाच्या बाबतीत इतकी चिकट की युद्ध ऐन भरात असतानाही शत्रूचे दागिने गोळा करायला थांबेल. हसू येते ते या चिकटपणामुळे. अमर स्वतः विनोद करायला निघालेला नसतो. तो आपला मनापासून दागिने वेचत असतो, हसतो आपण.

मुलांच्या गोष्टीतही हेच दिसले. नवरीच्या मामाचे सोंग घेतलेला मुलगा पहिल्या दिवशी नुसते लतीफे टाकत होता. कोणी हसले नाही. मग त्याने ठरवले की मामाजवळ आहेराचा मिक्सर आहे आणि तो खाली ठेवायला मामा तयार नाही. बस. चहा प्यायचा तर मिक्सर मांडीवर, लघवीला जायचे तर मिक्सर बगलेत, भांडण झाले तरी एका हातानेच भांडायचे. ग्रुप हसून हसून बेजार झाला.

अय्यारांची एक रीत मात्र मुलीला फारच आवडली. काम फत्ते झाले की अय्यार गप्प निघून जात नाही. नारा देऊन आपले नाव सांगतो, मी अमुक, मी हे केले. होशरुबात तर जादूगार मेला तरी आकाशातून आवाज येतो, मला मारले, माझे नाव अमुक जादू होते. शेवटी खरे नाव बाहेर येतेच.

"अब्बू, आमच्यात पण आहे तसं," ती म्हणाली. "आम्ही कंसात लिहितो."

ते असे. गोष्टीत लिहायचे ते सरळ. पण पात्र म्हणून न बोलता स्वतः म्हणून काही सांगायचे असेल तर कंसात. (मला अम्मी जेवायला बोलावतेय, मामाला जरा झोपवा.) (हे जास्त होतंय.) (माझ्या म्हशीला तुम्ही बोलतं करू नका, तिचं मी बघेन.) दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत, त्याने काय केले ते आपण ठरवायचे नाही, हाही नियम. जगभरच्या अशा खेळांत हे दोन्ही नियम चालतात. आमच्या पोरांना ते कोणी शिकवले आम्हाला ठाऊक नाही, भांडून भांडूनच शिकली असावीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले ती.

ग्रुपमध्ये एक मुलगा होता. आमचाच विद्यार्थी. नाव इथे लिहीत नाही. ग्रुपमधल्या चार मुस्लिम मुलांपैकी तो एक. गोष्टीत एके रात्री पोलिसांची नाकाबंदी आली. कंडक्टर झालेल्या मुलाने लिहिले की मागच्या सीटवर एक संशयित प्रवासी आहे, त्याच्या पिशवीतून टिकटिक आवाज येतो. आणि तो संशयित म्हणून या मुलाला धरले. पिशवीत गजराचे घड्याळ निघाले. सगळे हसले, तोही हसला. पहिल्यांदा ते खरोखर मजेदार होते.

पण दुसऱ्या दिवशी चहावाल्याची किटली हरवली तेव्हाही झडती त्याचीच. तिसऱ्या दिवशी टायर पंक्चर झाले, त्यालाच बाजूला उभे केले. पात्राचे नाव 'खतरनाक खान' पडले. सहा दिवस असे चालले. हसणाऱ्यांत आमची मुलगीही होती, हसऱ्या तोंडांची ती पिवळी चित्रे तिनेही पाठवली होती. सातव्या रात्री त्याने कंसात लिहिले.

(हे मी नाही. मला हा रोल नको.)

त्यानंतर अर्धा तास कोणीच काही लिहिले नाही. मुलगी मोबाईल घेऊन आमच्याकडे आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, "अब्बू, तो तर रोज हसत होता."

दुसऱ्या दिवशी तो फाट्यावर भेटला. चहा पाजला. आम्ही विचारले, "अरे, पहिल्याच दिवशी का नाही बोललास?"

तो थोडा वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, गॅदरिंगला अफजलखान पण मलाच दिला होता ना. तिथं तर कंस पण नव्हता."

वाचकहो, ती भूमिका आम्हीच दिली होती.

प्रतापगडाचा प्रसंग बसवायचा होता. सहकाऱ्यांनी विचारले, अफजलखान कोण? आम्ही क्षणभरही विचार न करता त्याचे नाव सांगितले. त्याचे उर्दू उच्चार चांगले आहेत, आवाज भरदार आहे, असे कारणही दिले. कारण खोटे नव्हते. पण त्याच्या आदल्या वर्षी अफजलखान झालेला मुलगाही मुस्लिमच होता आणि त्याचे उर्दू यथातथाच होते, हे आम्हाला चहाचा कप हातात धरून आठवले. सोंग आम्ही हजेरीपट आणि आडनाव बघून वाटले होते. आणि आम्ही स्वतः मुसलमान. दुसऱ्या कोणी हे केले असते तर याच मासिकात आम्ही खरमरीत पत्र लिहिले असते.

अफजलखानाची भूमिका वाईट, असे आमचे म्हणणे नाही. मुरलेला नट ती मागून घेईल, खलनायक रंगवायला जास्त ताकद लागते. पण १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या दिवशी शामियान्याच्या आसपास माणसे कशी मिसळलेली होती, ते आम्ही मुलांना कधी सांगितले नव्हते. महाराजांच्या निवडक अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर कुलकर्णी होता. हे दोघे नाटकात असतात तेव्हाही एखाद-दुसऱ्या ओळीपुरते असतात, आणि प्रेक्षक त्यांची नावे विसरून घरी जातात.

थट्टामस्करी आपल्या दीनमध्ये मना नाही. प्रेषित मुहम्मद (स.) साहाबांशी विनोद करीत आणि विनोदातही खोटे बोलत नसत. एका वृद्धेची हकीकत बहुतेक घरांत सांगितली जाते. जन्नतसाठी दुआ करा असे ती म्हणाली, तेव्हा म्हातारी बाई जन्नतमध्ये जाणार नाही असे त्यांनी सांगितले. ती रडत निघाली. तेव्हा त्यांनी लगेच निरोप दिला की तिला सांगा, तिथे ती म्हातारी राहणारच नाही, तरुण होऊन जाईल. हा प्रसंग आम्ही शंभर वेळा ऐकला आहे. पण तो 'लगेच' आमच्या कानात कधी शिरला नव्हता. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी दिसले त्याच घडीला विनोद उलगडून दाखवला. आम्हाला तेवढ्यासाठी दीड वर्ष लागले, तेही पोराने तोंड उघडले म्हणून. एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावे ठेवू नका, ही सूरह हुजुरातमधली ताकीदही आम्ही वर्गात शिकवलेली आहे. 'खतरनाक खान' हे नाव ग्रुपमध्ये सहा दिवस चालले आणि ते आम्ही शिकवलेल्या मुलांनीच चालवले.

काही पालक म्हणतील, म्हणूनच मोबाईल काढून घ्यावा. आमच्या मनातही आले होते. पण मग त्या मुलाला नको म्हणायला जी जागा मिळाली, तीही गेली असती. मोबाईलवरच्या सोंगात खरा धोका दुसराच आहे. पंधरा वर्षांची मुलगी बनून एखादा चाळिशीचा माणूस मुलांच्या खेळात शिरतो तेव्हा तो टोपी काढायला तयार नसतो. खरे नाव सांगत नाही, ग्रुप सोडून एकटीशीच बोलू पाहतो, फोटो मागतो, घरी सांगू नको म्हणतो. असे दिसले तर मुलावर न ओरडता आधी त्याच्याजवळ बसावे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक घरात सर्वांना पाठ असावा. आमच्या मुलीच्या ग्रुपला आम्ही एकच अट घातली, ज्याला फाट्यावर प्रत्यक्ष पाहिलेले आहे तोच ग्रुपमध्ये.

आणि टोपी काढायला वेळच मिळाला नाही तर काय होते, तेही आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा मोबाईलवरून पसरली होती. ते बहुरूपी नव्हते, त्यांनी सोंगही घेतले नव्हते. सोंग त्यांच्यावर लोकांनीच चढवले होते. तेव्हापासून आमच्याकडे दारावर अनोळखी माणूस आला की लोक आधी मोबाईल काढतात. खाकीतला बहुरूपी आम्ही कित्येक वर्षांत पाहिलेला नाही.

ग्रुपमध्ये पुढे काय झाले ते मुलीने सांगितले. तिने कंसात माफी मागितली. ज्याने सुरुवात केली होती, तो कंडक्टर झालेला मुलगा रात्रभर गप्प होता. सकाळी त्याने लिहिले, (आजपासून संशयित मी. तू कंडक्टर हो. शिट्टी तुझ्याकडे.) आणि गंमत अशी की गोष्ट त्यानंतर जास्त रंगली. आधी काही हरवले की झडती कोणाची ते सर्वांना ठाऊक असायचे, त्यात हसण्यासारखे उरलेच काय होते? आता नाकाबंदीच्या पोलिसाने मामाचा मिक्सर उघडायला लावला. आत भांडेच नाही. भांडे आजीबाईकडे, त्यात तिची औषधे. आणि म्हैस साक्षीदार.

फेब्रुवारीत शाळेत शिवजयंतीला तोच प्रसंग पुन्हा बसवला. या वेळी पात्रांच्या चिठ्ठ्या टाकल्या. अफजलखानाची चिठ्ठी सातवीतल्या एका अगदी बारीक मुलीला निघाली. तिने ती बदलून घ्यायला साफ नकार दिला. ऐन शामियान्यात तिची दाढी सुटून पडली, तिने ती उचलून पुन्हा लावली, म्हणाली, "थांबा हां," आणि मग प्रवेश पुढे गेला. आमच्या त्या विद्यार्थ्याला चिठ्ठीत मावळा निघाला होता. त्याने येऊन विचारले, सिद्दी इब्राहीमला दोन वाक्ये जास्त देता येतील का, म्हणजे तो ते सोंग मागून घेईल. आम्ही चार दिली.

दिल्लीचे शेवटचे नामांकित दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली वारले. पुढे २००५ मध्ये शम्सुर्रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांनी दास्तानगोई पुन्हा उभी केली. जुन्या दास्तानगोंविषयी सांगतात की त्यांची कसोटी गोष्ट पुढे नेण्यात नसे, गोष्ट रोखून धरण्यात असे. एक पडदा उचलायचा राहिलेला आणि तो उचलेपर्यंत दिवसच्या दिवस जावेत, तरी ऐकणारा उठून जाऊ नये. त्या हिशोबाने आमची पोरे चांगलीच तयार झाली म्हणायची. परीक्षेसाठी ग्रुप बंद होता, आता सुट्टीत पुन्हा सुरू झाला आहे. वर्ष होत आले. दादी रोज इशानंतर विचारते,

"गई क्या गे गाडी?"

"किधर की, दादी. कंडक्टर बोला, म्हैस उतरे बिना शिट्टी नई मारता."

"और म्हैस?"

"म्हैस बोली, आधार कार्ड घर पे राह्या."

दादी पान लावता लावता थोडा विचार करते आणि म्हणते, "तो उस कू बोल ना, अंगूठा लगा."

मुलगी ते लगेच लिहून पाठवते. कंसाशिवाय.